तेरावा महिना कोणाचा

रतिलाल एसटीने आला, तेव्हाच सुनंदाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

मागच्या पोळ्याला तो धुळ्याहून जीप करून आला होता. जीपमध्ये मागे गादी, गादीवर रबरी कापड, कापडावर लताबाईंनी धुऊन आणलेली चादर. चौघांनी मिळून झुंबरबाईंना उचलून त्या गादीवर निजवले होते, आणि गाडी वळेपर्यंत सुनंदाबाई पदर तोंडाला लावून ओट्यावर उभ्या होत्या. यंदा दोघे नवरा-बायको फाट्यावर उतरून चिखल तुडवत पायी आली. दिराच्या हातात एक पिशवी, जावेच्या हातात छत्री. माणूस न्यायला आलेली माणसे अशी येत नाहीत.

त्या वेळी सुनंदाबाई सासूला कुशीवर वळवत होत्या. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी झाली होती. हळद-तुपाची वाटी उरली होती, ती त्यांनी सासूच्या डाव्या खांद्याला, लकव्याने लुळ्या पडलेल्या बाजूला, चोळली होती. “बैलायचं झालं, आता तुमचं,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा झुंबरबाई अर्ध्या तोंडाने हसल्या होत्या. आता त्याच हळदीचा पिवळा डाग उशीच्या खोळीवर पडला होता. खोळ बदलायला हवी, असे म्हणता म्हणता सुनंदाबाईंची नजर कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे गेली. दोन लुगडी, तुळशीची माळ, औषधाच्या बाटल्या, चांदीचा लहानसा बाळकृष्ण. गाठोडे त्यांनी कालच बांधून ठेवले होते.

उद्यापासून अधिक महिना लागत होता. सुनंदाबाईंनी या महिन्याची वाट पाहिली होती. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असे महिनाभराचे धारणं-पारणं आणि पहाटे गल्लीतल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरवर बसून तापीचे स्नान. मागचा अधिक सासरे, आबा, गेल्यानंतर लगेचच आला, त्याच्या आधीचा लेकीच्या बाळंतपणात गेला. दोन अधिक हातचे गेले होते. अंथरुणावरचे माणूस घरात असले, की पहाटे आधी चादर उचलावी लागते. मग कसले सोवळे आणि कसले स्नान? देव समजून घेतो, हे त्यांना माहीत होते. पण देवाला तरी किती वेळा समजून घ्यायला लावायचे?

“कोन आलं?” झुंबरबाईंनी विचारले. लकवा झाल्यापासून त्यांचे शब्द ओल्या कापडात गुंडाळल्यासारखे बाहेर पडत. घरात ते फक्त सुनंदाबाईंना कळत.

“भाऊजी आले,” सुनंदाबाई म्हणाल्या. जीपचे त्यांनी सांगितले नाही.

ओसरीवर त्यांचा नवरा पितांबर बैलांच्या शिंगांना रंग देत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. धाकट्या भावाला पाहून तो उठला, पण लगेच रस्त्याकडे बघू लागला.

“जीप मागून येते का?”

“जीप नाही सांगितली, भाऊ.” रतिलालने चपला काढल्या आणि खांबाला टेकून बसला. धुळ्याच्या पाटबंधारे ऑफिसात वीस वर्षे काढल्यामुळे त्याचे बोलणे शहरी झाले होते. रागावला म्हणजे मात्र गावचे तोंड परत यायचे. “उद्यापासून अधिक लागतो.”

“मग?”

“माझी पाळी भाद्रपदापासून आहे.”

“उद्या भाद्रपदच लागतो ना, नाना?”

“अधिक भाद्रपद लागतो. माझा निज भाद्रपद.”

पितांबर हातातली कुंचली डब्यात ठेवायची विसरला. लाल थेंब त्याच्या पायावर पडत राहिले.

दोन दिवाळ्यांपूर्वी माय अंथरुणाला खिळली, तेव्हा चुलते उखर्डूआबा यांना मध्ये घालून दोघा भावांनी वर्ष वाटून घेतले होते. फाल्गुन ते श्रावण पितांबरकडे, भाद्रपद ते माघ रतिलालकडे. पोळ्याला माय धुळ्याला जायची आणि एदलाबादला मुक्ताईची यात्रा भरली, की गावी परत यायची. बेबाबाई म्हणून धुण्या-पुसण्याला एक बाई लावायची, ज्याची पाळी त्याने तिचा पगार द्यायचा. सगळे नीट ठरले होते. उखर्डूआबांनी कागदावर बारा महिने लिहिले, दोघांनी सह्या केल्या. तेराव्या महिन्याची आठवण तेव्हा कुणालाच झाली नाही.

“नावातच भाद्रपद हाये,” पितांबर म्हणाला.

“नावात असून काय? गणपती कोणत्या भाद्रपदात बसतो? निज भाद्रपदात. अधिकात सण नाही, लग्न नाही, मुंज नाही.”

“गनपती बसत नही म्हनून माय बी बसत नही का तुझ्याकडं?”

रतिलालने मान खाली घातली. “तसं नाही, भाऊ. आमच्या मंगलेचा पहिला धोंडा आहे. जावई मालेगावहून यायचे आहेत, त्यांच्याबरोबर त्यांची आई. दोन खोल्यांचं क्वार्टर. माय बाहेरच्या खोलीत, आणि तिथंच जावयाला पाटावर बसवून वाण द्यायचं? तूच सांग. वास येतो, भाऊ. आपल्याला सवय झालेली आहे.”

“आमाले सवय झाली,” पितांबर म्हणाला. “ते एक बरं झालं.”

आत चुलीपुढे लताबाईंनी पदर खोचून पुरण वाटायला घेतले होते. एरवी या दोघी जावांचे फारसे जमत नसे. वाटणीच्या वेळी तांब्याच्या घंगाळावरून जे बिनसले, ते अजून पुरते निवळले नव्हते. पण आज लताबाई जवळ सरकून बसल्या.

“वहिनी, तुमचं व्रत आहे ना यंदा?”

“होतं.”

“होतं काय म्हणता? करा की. आपण दोघी मिळून सांगू या ना यांना. बेबाबाईला रात्रंदिवस ठेवा म्हणावं महिनाभर, पैसे दोघांनी अर्धे अर्धे द्यावेत. गोठ्याशेजारची खोली रिकामीच आहे.”

सुनंदाबाईंनी खापरावरची पोळी उलटली. “तठी पानी गळतं.”

“धुळ्याला एक वृद्धाश्रम निघालाय. हे जाऊन चौकशी करून आले. पण ते अंथरुणावरचं माणूस घेत नाहीत. चालतं-फिरतं लागतं म्हणे.”

“चालतं-फिरतं असतं, तर त्याले आश्रम कायले लागला असता?”

लताबाई हसल्या. मग हसू आल्याचे त्यांनाच वाईट वाटले, आणि त्या खाली बघून पुरण वाटू लागल्या. मधल्या घराचे दार उघडेच होते. झुंबरबाईंचे तोंड गेले होते, कान गेले नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होते. तरी दार लावून घ्यायला कोणी उठले नाही.

दुपारी दोघा भावांची बहीण शेवंता आली, नवरा भिकन याच्यासह. ती मेहरूणला राहायची. भिकन जळगावच्या एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होता. माय आता सहा महिने धुळ्याला जाणार, तिला भेटून घ्यावे, म्हणून ती आली होती. घरात शिरताच तिने ओसरीवरची तोंडे पाहिली, काही विचारले नाही, सरळ मायजवळ जाऊन बसली. कानांवर पडत गेले तसे तिला सगळे कळले.

जेवणे झाली. पुरणपोळी होती, पण पोळ्याचे जेवण जेवल्यासारखे कुणाला वाटले नाही. उखर्डूआबांना बोलावणे पाठवले, तर ते पारोळ्याला लेकीकडे गेलेले. मग पुन्हा तेच सुरू झाले. भिंतीवरचे कॅलेंडर काढून खाली आणले. रतिलालने अधिक शब्दावर बोट ठेवले, पितांबरने भाद्रपद शब्दावर.

पितांबर बोलत होता, पण त्याचे मन दुसरीकडेच होते. त्याला विहिरीचे वावर आठवत होते. पाच वर्षांपूर्वी आबांनी वाटणी केली, तेव्हा ते वावर त्यांनी बाजूला काढले होते. “हे आम्हा दोघांच्या पोटाचं,” आबा म्हणाले होते. “आम्ही असेस्तोवर आमच्या नावावर. दुखलं-खुपलं त्याच्यातून भागवू, कोनापुढं हात नको. मंग जो आमचं करील, त्याचं.” तलाठ्यासमोर हे बोलणे चालले असताना माय दाराआडून बाहेर आली. जन्मात ती कधी पुरुषांच्या बैठकीत बोलली नव्हती. “पोरायवर इतबार नही का तुमचा?” ती म्हणाली. “गाव काय म्हनंल? झुंबरबाईनं लेकायपासून वावर लपवलं म्हनंल.” मग आबांनी त्याही वावराच्या मधोमध बांध घालायला सांगितले.

त्या दिवशी पितांबरला मायचा केवढा अभिमान वाटला होता. उठून त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले होते. रतिलालनेही ठेवले होते.

“मी नेते मायले,” दारातून शेवंता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“अधिक तुमचा नही, नानाचा नही. मग माझा. महिनाभर मी ठेवते. निज लागला की नानानं मेहरूणहून घेऊन जावं.”

खरे तर यावर दोघा भावांनी सुटकेचा श्वास टाकायचा. पण झाले वेगळेच. सकाळपासून एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोघे एकाएकी एका बाजूचे झाले. पितांबर रतिलालकडे बघू लागला, आणि रतिलालने घसा साफ केला.

“शेवंता, वाईट वाटून घेऊ नकोस. पण पुढं बोलणं नको म्हणून आधीच बोललेलं बरं. तू हक्कसोडपत्रावर सही केलेली आहेस.”

“मी कुठी विसरली?” शेवंता म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही दोघांनी मिळून लुगडं घेतलं होतं मले, अंजिरी रंगाचं. पेटीत तसंच हाये. नेसायचं झालंच नही.”

“म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, की माय सांभाळली, आता वावर द्या.”

भिकन इतका वेळ ओसरीच्या कडेला बसून सुपारी कातरत होता. तो अडकित्ता मिटून म्हणाला, “नाना, मी वजनकाट्यावर बसतो. दिवसभर दुसऱ्याचाच माल मोजतो. घरी नेत नही.”

“जावाई, तुमाले नही म्हनलं कोनी,” पितांबर घाईने म्हणाला. “शेवंते, तुले काय पाह्यजे ते सांग.”

“मले काही नको. पन माय माझ्या घरी जेवनार नही, हे तुमाले ठाऊक हाये.”

ते सगळ्यांना ठाऊक होते. लेक दिली त्या घरचे पाणीदेखील घ्यायचे नाही, ही झुंबरबाईंची जन्माची रीत. धडधाकट होत्या तेव्हा त्या मेहरूणला यायच्या त्या पाण्याचा तांब्या नि भाकरी घरून बांधून घेऊन. लेकीच्या ओट्यावर बसून आपली भाकरी खायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायच्या. त्यात हा धोंड्याचा महिना. जावयाला विष्णू मानून द्यायचा महिना. या महिन्यात जावयाचे अन्न खायचे म्हणजे तर पुण्याच्या भांड्याला भोकच पाडायचे.

“तिले तिचं खायाले द्या,” शेवंता म्हणाली. “पायलीभर ज्वारी द्या फक्त. पन तिच्या वावराची.”

“तिचं कोणतं वावर?” रतिलालने विचारले, आणि विचारल्यावर त्याचे त्यालाच कळले.

“विहिरीचं,” शेवंता म्हणाली.

पितांबरने हातांवरचा लाल रंग नखाने खरवडायला सुरुवात केली. “तठी ज्वारी कुठी हाये आता? बांधाच्या अलीकडं केळी, पलीकडं केळी. ज्वारी तर आम्हीच बाजारातून आनतो.”

बाहेर कुणाच्या तरी बैलांपुढे ढोल वाजत गेला. तेवढ्यात मधल्या घरातून आवाज आला. एक ओढलेला, चिरकलेला आवाज, मग आणखी काही शब्द. सुनंदाबाई पदर सावरत आत गेल्या. बाकीचे दाराशी गोळा झाले.

झुंबरबाई छताकडे बघत बोलत होत्या. उजवा हात चादरीवर हळूहळू हलत होता, तांदूळ निवडावे तसा. सुनंदाबाई वाकून कान देऊन ऐकत होत्या. बोलणे संपले, तरी त्या तशाच वाकून राहिल्या.

“काय म्हनते माय?” पितांबरने विचारले.

“म्हनते, ज्वारी नको.” सुनंदाबाई सरळ झाल्या. “केळी द्या म्हनते. महिनाभर केळीवर राहते. व्रत हाये म्हनते, पुरुषोत्तमाचं.”

“आणखी काहीतरी म्हणाली ती,” रतिलाल म्हणाला.

“तेवढंच,” सुनंदाबाई म्हणाल्या, आणि उशीची खोळ बदलायला लागल्या.

व्रत म्हटल्यावर लताबाईंनी हात जोडले. रतिलालने डोळे पुसले आणि म्हणाला, “मायचं मन किती मोठं, बघ.” जरा वेळाने तो शेवंताला म्हणाला, “औषधाचा खर्च लिहून ठेव. मी देईन.” शेवंताने मान हलवली. आपल्या घरी उपाशी राहण्याला मायने केवढे सुंदर नाव शोधले, हे तिच्याखेरीज त्या घरात आणखी एकाच बाईला कळले होते, आणि ती बाई खोळीची नाडी बांधत होती, बांधत होती आणि तिला गाठ बसत नव्हती.

दिवस कलता कलता पितांबर वावरात गेला. पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवायचे नसते. म्हणून गाडी जुंपता येत नव्हती. त्याने दोन्ही बाजूंनी हिंडून एकेक घड हाताने चाचपला. उद्या-परवा ट्रकवर जायचे तयार घड होते; व्यापारी त्यातलाच चांगला बघून घेणार होता. आपल्या बाजूचा तसाच एक त्याने कापला. बांधाच्या पलीकडच्या, रतिलालच्या बाजूचा एक घड जरा मोठा होता, तिकडे तो क्षणभर बघत राहिला आणि परत फिरला. घड खांद्यावर टाकून तो घरापर्यंत चालत आला. सणाचा पांढरा सदरा होता. केळीचा चीक खांद्यावर उतरला तो काळा पडला, आणि सुनंदाबाईंनी पुढे कितीही घासला, तरी निघाला नाही.

“आठवड्याले एक घड धाडत जाईन,” शेवंताला तो म्हणाला. “एसटीच्या टपावर टाकून. तू स्टँडवर जावाईले पाठव.”

“पाठवीन,” शेवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर तापीवर गेला, त्यात सुनंदाबाई होत्या. अंगावर धूतवस्त्र, हातात पळी-पंचपात्र. पावसाळ्याचे पाणी गढूळ आणि ओढते होते. बायका एकमेकींचे हात धरून उतरल्या. सुनंदाबाईंनी डुबकी मारली. वर येऊन संकल्प म्हणायला ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा त्यांना शब्द सुचेनात. काल सासूने जे म्हटले, ते त्यांनी अर्धेच सांगितले होते. केळीचे झाल्यावर झुंबरबाई म्हणाल्या होत्या, “सुनंदाले न्हाऊ द्या. तिनं लई काढलं माझं.” हे सगळ्यांसमोर बोलायला त्यांचे तोंड उघडले नाही. आता कुणाला सांगावे, असे वाटूनही उपयोग नव्हता. ओंजळीतले पाणी बोटांतून झरत गेले. शेजारची बाई म्हणाली, “सुनंदाबाई, आटपा, मागं रांग हाये.” त्यांनी रिकामे हात जोडले.

मेहरूणला शेवंताचे घर तळ्यापासून थोडे आत होते. पुढची खोली, मागची खोली, आणि मागे तुळस. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली, म्हणजे मायला वारा लागेल. पोळ्याच्याच रात्री डाळमिलच्या मेटॅडोरमधून भिकनने सासूला आणले, तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. लेकीच्या घरी आई अशी आलेली त्यांनीही फारशी पाहिली नव्हती.

पहिल्या दिवशी माय पाणीही पिईना. ओठ घट्ट मिटून घेतले. शेवंताने हात जोडले, रागावली, रडली. संध्याकाळी भिकन कामावरून आला, त्याने पेला हातात घेतला आणि खाटेशी उकिडवा बसला.

“माय, हे पानी माझं नही. नगरपालिकेचं हाये. नळाचं. मी पट्टीदेखील भरली नही अजून. पी.”

झुंबरबाईंच्या तोंडाची उजवी बाजू हलली. त्यांनी पाणी घेतले.

केळी मात्र त्यांच्या घडाचीच. शेवंता वाटीत कुस्करून बोटाने भरवायची, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. एकदा तिने त्यात चमचाभर दूध कालवले. मायने वास घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. वाटी तशीच परत गेली. अंग हलके होत गेले. कुशीवर वळवताना शेवंताला पहिल्या दिवशी भिकनला हाक मारावी लागली होती. आता एकटीला जमत होते. त्याचे तिला भय वाटे. रात्री माय झोपली, की ती तुळशीपुढे दिवा लावून बसे आणि देवाला म्हणे, हे तुझे व्रत आहे, तर तूच बघ.

एक मात्र झाले. मायचे बोलणे तिला हळूहळू कळू लागले.

दुसरा घड यायचा होता. भिकन स्टँडवर जाऊन आला. एदलाबादच्या गाडीच्या टपावर टोपल्या होत्या, पोती होती, घड नव्हता. दुसऱ्या दिवशी परत गेला. कंडक्टर म्हणाला, “नाही हो पाहुणे, कुणी दिलं नाही.” पावसाने रस्ता खचला असेल. ट्रक भरायचे दिवस आहेत, पितांबरला सवड झाली नसेल. किंवा हा आठवडा नानाच्या बाजूच्या केळीचा, असे भावाने मनात धरले असेल, आणि धुळ्याला नानाने ते मनात धरले नसेल. शेवंता यातले एकेक कारण घेऊन दिवसभर काम करी. माय विचारत नसे.

एकादशी आली. सकाळी अंग पुसून झाल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, “जावायाले आज घरी थांबव.”

“कायले?”

“धोंडा हाये. वाण देनं हाये.”

शेवंताला आधी नीट कळले नाही असे वाटले. मग माय बोटाने कोपऱ्याकडे दाखवू लागली, जिथे घड टांगला होता. त्याला तीनच फण्या उरल्या होत्या, पिवळ्याधमक, काही काळ्या ठिपक्यांच्या.

“माय, अनारसे मी करते. तांदूळ हायेत घरात.”

“तुझे तांदूळ, तुझा गूळ. तुझंच तुझ्या नवऱ्याले मी काय देऊ? ते माझं हाये. ते काढ.”

शेवंताने फण्या काढून ताटात आणल्या. ताट मायच्या उजव्या हाताशी ठेवले. झुंबरबाई एकेक केळे उचलून दुसऱ्या ताटात ठेवू लागल्या. मध्ये थांबावे लागे. आबा होते तेव्हा दर अधिकाला त्या घरी अनारसे तळत, तेहेतीस नग, एकही न मोडता, आणि पितळेच्या ताटात दिव्यासह जावयाला देत. तेव्हा भिकन ओशाळून पाटावर बसायचा. आता तेहेतीस केळी मोजून झाली, तेव्हा पहिल्या ताटात एक फणीदेखील पुरती उरली नव्हती.

“माय,” शेवंता हळू आवाजात म्हणाली, “दुसरा घड अजून आला नही. मग तू काय खाशीन?”

झुंबरबाईंनी तिच्याकडे बघितले. लकव्याने एक डोळा अर्धा मिटलेला; दुसरा स्वच्छ, जुना होता.

“पितांबर धाडीन,” त्या म्हणाल्या. “पोरायवर इतबार नही का तुले?”

शेवंताने पदर तोंडात धरला आणि मागच्या खोलीत जाऊन समई घेऊन आली.

भिकन आंघोळ करून आला. खाटेशी पाट मांडला होता. तो पाटावर बसला. शेवंताने मायचा उजवा हात धरून त्याच्या कपाळाला कुंकू लावले, अक्षता लावल्या, आणि दोघींनी मिळून ताट त्याच्या पुढ्यात सरकवले. भिकनने ताटाकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या दोरीकडे, जिथे सोललेला दांडा लोंबत होता. शेवंताने त्याला खुणेने काही सांगायचा प्रयत्न केला. पण तो वजनकाट्यावरचा माणूस. त्याला कळायला वेळ लागला नाही.

“माय,” तो म्हणाला, “मी घेतलं. पावलं मले. आता ते माझं झालं. मी माझ्या हातानं तुमाले...”

“वाण परत करत नसतात, जावाई,” झुंबरबाई म्हणाल्या. हे तर त्यालाही कळले.

तो ताट घेऊन उठू लागला. झुंबरबाईंनी हात हलवला. बसा. अठीच.

भिकन पुन्हा पाटावर बसला. मायचा स्वच्छ डोळा त्याच्या हाताकडे लागला होता. बाहेर नळावर बायकांची गडबड चालू होती. त्याने वरचे केळे उचलले, सोलले आणि खाल्ले. त्याने खाल्ले असे दिसल्यावर झुंबरबाईंनी डोळा मिटला, आणि पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखे त्यांचे तोंड निवांत झाले.